शिडाची पिशवी

धर्मगुरूच्या खोलीत शिरणाऱ्याची नजर प्रथम क्रुसाकडे जावी अशी अपेक्षा असते. आमच्या खोलीत ती दाराआडच्या खुंटीकडे जाते. तेथे एक पिशवी टांगलेली असते. तिचा मूळ रंग कोणता होता हे आता नक्की सांगता येणार नाही. कोणी तिला खाकी म्हणते, कोणी मातकट. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाईंनी तर एकदा ती पायपुसणे समजून उंबऱ्याशी अंथरली होती. त्यांचा दोष नव्हता. परंतु त्या दिवशी आम्ही त्यांच्यावर जितके रागावलो, तितके चर्चच्या हिशेबात चूक सापडल्यावरही कधी रागावलो नव्हतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

१९९८ साली आम्हांला गुरुदीक्षा मिळाली. नातलगांनी घड्याळे दिली, पेने दिली, एका आत्याने तर चांदीचा चमचा दिला. वसईच्या पाचूबंदरावर राहणाऱ्या आमच्या काकांनी ही पिशवी दिली. काका तरुणपणी शिडे शिवीत. पुढे होड्यांना यंत्रे बसली, शिडांची गरज संपली आणि शेवटचे एक शीड काकांच्या माळ्यावर गुंडाळून पडले. त्यातून त्यांनी दाभणाने ही पिशवी शिवली. तळाला दुहेरी कापड, तोंडावर झाकणासारखी झडप आणि पितळेची दोन बक्कले. आम्हांला मराठवाड्यात जायचे आहे हे त्यांना कळले होते. ते एवढेच म्हणाले, "तिथे समुद्र नाही ना? मग शीड तरी ने."

तेव्हापासून ही पिशवी मोटारसायकलच्या कॅरियरवर, बसच्या टपावर, क्वचित बैलगाडीत अशी मराठवाडाभर हिंडली. तिच्यात मिस्साविधीचे साहित्य असते. प्याला, थाळी, द्राक्षारसाची कुपी, ओस्तियांची डबी, स्टोल आणि एक जुना मिस्साग्रंथ. त्यांच्याखाली टॉर्च, स्पॅनर आणि पंक्चरचे सामान. या दोन प्रकारच्या वस्तूंना एकाच पिशवीत ठेवणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न एकदा एका पाहुण्या धर्मगुरूंनी आम्हांला विचारला होता. आडवाटेला चाक बसले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

शिडाच्या कापडाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावरच आहे. हे जाड सुती कापड अतिशय घट्ट विणलेले असते. ते भिजले की सूत फुगते आणि विणीतली बारीक छिद्रे आपोआप बुजतात. म्हणून असे कापड कोणताही लेप न देतादेखील पाऊसपाणी बऱ्यापैकी अडवते. सैनिकी तंबूत झोपलेल्याला सांगतात की, पाऊस पडत असताना कापडाला आतून बोट लावू नकोस. कापडाच्या आत धरलेले पाणी बोट लागताच वाट शोधते आणि नेमक्या त्याच जागी ठिबकू लागते. पिशवीच्या आत तर सदोदित काही ना काही टेकलेलेच असते. म्हणजे जे तंबूला चालते ते पिशवीला चालत नाही. काकांनी पिशवी दिली तेव्हा तिला मेण चोळलेले होते आणि दर दोन वर्षांनी ते पुन्हा चोळावे असेही त्यांनी बजावले होते.

आम्ही ते पहिली काही वर्षे केले. नंतर विसरलो.

विसरण्याला कारण होते, निमित्त म्हणा हवे तर. वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथे पाऊस चार महिने घरात बिऱ्हाड करून राहतो. जालना जिल्ह्यात त्याच्या एक-तृतीयांश पडला तरी शेतकरी समाधान मानतात. इकडचा पाऊस पाहुणा आहे, आणि पाहुण्यासाठी कोणी छप्पर बदलत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जिल्हा सर्वांत जास्त होरपळलेल्यांपैकी होता. त्या उन्हाळ्यात आम्ही याच जिल्ह्यात होतो. टँकरपुढे लावलेल्या घागरींची रांग चर्चच्या फाटकापर्यंत येत असे. अशा ठिकाणी बसून पिशवीत पाणी शिरू नये म्हणून मेण चोळायचे, याची आम्हांला थोडी लाजच वाटली असावी. पिशवीने मात्र सूचना दिल्या होत्या. एकदा अवकाळी पावसात ओस्तियांचा लगदा झाला. एकदा स्टोलवर पितळेचा हिरवा डाग उमटला. प्रत्येक वेळी आम्ही ठरविले की, या उन्हाळ्यात नक्की. उन्हाळा येई, लग्ने येत, प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारणाऱ्या मुलांची तयारी येई, आणि पिशवी खुंटीवर राही.

१ सप्टेंबर २०२४ हा रविवार होता. दुसऱ्या दिवशी पोळा. दुधना नदीच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात आमची दहा-बारा कुटुंबे आहेत. मिस्सा आटोपून आम्ही निघालो तेव्हा आभाळ भरून आले होते. निघताना एका आजींनी आम्हांला थांबविले. त्यांचे यजमान आदल्या वर्षी वारले होते, वर्षश्राद्धाची मिस्सा जवळ आली होती. आजींनी पदराच्या गाठीतून पारदर्शक पिशवीत घातलेला एक फोटो काढला. काळापांढरा, हाताच्या तळव्याएवढा. आजोबा तरुणपणी मोसंबीच्या गाडीबरोबर जालन्याला हमालीला जात, तेव्हा एकदा चार पैसे जास्त मिळाले म्हणून त्यांनी स्टुडिओत बसून तो काढून घेतला होता. डोक्याला फेटा, मिशा, आणि कॅमेऱ्याकडे पाहताना होणारी ती ताठ मान. दुसरा फोटो नव्हता. तो मोठा करून, चौकटीत बसवून आणावा अशी आजींची इच्छा होती. आम्ही फोटो घेतला आणि पिशवीत मिस्साग्रंथाच्या बाजूला उभा ठेवला.

त्या दोन दिवसांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो पुष्कळांच्या लक्षात असेल. वाटेतला ओढा भरून वाहू लागला. आम्ही एका शाळेच्या ओसरीत दोन-अडीच तास थांबलो. पण पिशवी कॅरियरला दोरीने करकचून बांधलेली होती, आणि ती सोडून आत आणावी हे आम्हांला सुचले नाही. रात्री घरी पोहोचल्यावर आम्ही ओस्तियांची डबी पाहिली, ती कोरडी होती. हायसे वाटले. पिशवी तशीच खुंटीला अडकवून आम्ही झोपलो.

सकाळी फोटो हाती घेतला तेव्हा त्या पारदर्शक पिशवीच्या तळाशी बोटभर पाणी होते. आम्ही ते ओतून टाकले आणि फोटो पिशवीसकट पंख्याखाली वाळत ठेवला. हीच खरी चूक. दोन दिवसांनी जालन्याच्या स्टुडिओत गेलो, तेव्हा तेथल्या वयस्क छायाचित्रकाराने ती पिशवी उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी समजावून सांगितले. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असते. पाण्याने तो थर फुगतो, मऊ होतो, आणि तशाच अवस्थेत काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटून वाळला की पक्का बसतो. "फादर, ओलाच आणायला हवा होता," ते म्हणाले. "पाण्यात ठेवून हळूहळू सोडवला असता." त्यांनी प्रयत्न केला. फेटा निघाला, एक कान निघाला, डाव्या बाजूची अर्धी मिशी निघाली. बाकीचे आजोबा प्लॅस्टिकला लागून राहिले. संगणकावर भरून काढायचे तर पाहायला दुसरा फोटो हवा, आणि तो नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही आजींना ते सांगितले. सेमिनरीत आम्हांला प्रवचनशास्त्र शिकविले होते, पापनिवेदन ऐकण्याचे शास्त्र शिकविले होते. स्वतःची चूक गुडघाभर चिखलात उभे राहून एका विधवेला कशी सांगावी हे कोणत्या पुस्तकात होते ते आठवेना. शेतातले सोयाबीन आडवे झाले होते, त्यातून पाणी हटले नव्हते. आजींनी उरलेला तुकडा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, दूर धरला.

"फेटा तं त्येंचाच हाय," त्या म्हणाल्या. मग आमच्या खांद्याकडे पाहून विचारले, "पिशवीला भोक हाय का, फादर?"

"आहे, आजी."

"मंग शिवून घ्या की."

एवढेच बोलून त्या घरात गेल्या.

परत आल्यावर आम्ही पिशवी रिकामी केली आणि आयुष्यात प्रथमच तिच्याकडे नीट पाहिले. आमचा समज होता की कापड जीर्ण झाले असेल. कापड ठणठणीत होते! गेला होता तो दोरा. सुती दोरा कापडाआधी कुजतो. शिवणीच्या भोकांतून ओल आत शिरते, तेथेच मुरते आणि दोरा आतल्या आत भुगा होतो. बाहेरून टाका दिसतो, नखाने उचलला की हाती येतो. तळाचे दोन कोपरे कॅरियरच्या लोखंडावर घासून चाळणीसारखे झाले होते. अस्तरावर काळ्या बुरशीचे ठिपके होते. बक्कलांवर हिरवा थर होता. झडप आखडून आत वळली होती, त्यामुळे कोपऱ्यांतून सरळ पाणी जाण्याला वाट होती.

धर्मग्रामाच्या मंडळात विषय निघाला तेव्हा सर्वांनी एकमुखाने सांगितले की, फादरांना नवी पिशवी घेऊन देऊ. त्यांचे प्रेम आम्ही जाणतो. पण नवी पिशवी आमच्याकडे होतीच. पुतण्याने पाठविलेली, नायलॉनची, आतून रबरासारखा लेप असलेली. चौथ्या वर्षी तो लेप चिकट होऊन पापुद्र्यांनी गळू लागला आणि अल्बवर त्याचे काळे तुकडे चिकटू लागले. दमट हवेत अशा लेपाची ही गत होते. तो घरी नीट खरवडताही येत नाही आणि पुन्हा देताही येत नाही. सुती कापडाचे बरे असते. त्याला काय झाले आहे ते डोळ्यांना दिसते.

काका आता नाहीत. त्यांची दाभणेही कोणाकडे गेली ठाऊक नाही. आम्ही पिशवी घेऊन मोंढ्याकडच्या एका चर्मकार बंधूंकडे गेलो. मोंढ्यात पूर्वी धान्याच्या थप्प्यांवर टाकायच्या जाड ताडपत्र्या मिळत, त्यांची दुरुस्तीही तेथेच होई. आता बहुतेक ठिकाणी निळे-पिवळे प्लॅस्टिक दिसते. ताडपत्री या शब्दाची गंमत आहे. इंग्रजीतला टारपॉलिन म्हणजे डांबर चोपडलेले जाड कापड. आपल्या कानांना त्यात ताडाचे पान ऐकू आले. आम्ही एका दुकानातून जुन्या सुती ताडपत्रीचा हातभर तुकडा मिळविला, आणि उरलेल्या कोऱ्या जाड कापडाचाही एक. ठिगळ कोऱ्या कापडाचे लावावे असा आमचा आग्रह होता. चर्मकार बंधूंनी मान हलविली. कोरे कापड पहिल्या पाण्यात आवळते, ठिगळ आवळले की ते भोवतालचे जुने कापड ओढून फाडते. कोरे लावायचे तर आधी दोन-तीनदा भिजवून, वाळवून आणा, नाहीतर हा जुना तुकडाच बरा. हे ऐकताना आम्ही चपापलो. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, हा प्रभूचा दृष्टान्त आम्ही तीस वर्षे वाचीत आलो आहोत, त्यावर प्रवचने दिली आहेत. त्यात शिवणकामाची एक साधी खरी गोष्ट आहे याकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

टाके मात्र आम्ही स्वतः घातले. त्यांनी शिकविले. मजबूत दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्यायचा, आरीने आधी भोक पाडायचे, आणि दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई लावून एकाच भोकातून दोन बाजूंनी दोन सुया काढायच्या. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की ओळ उसवत जाते. या टाक्यात एक तुटला तरी शेजारचा धरून राहतो. संत पौल करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याचा किलिकिया प्रांत बकऱ्यांच्या केसांच्या जाडजूड कापडासाठी प्रसिद्ध होता. आमच्या भागातील धनगर बांधव पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतात, ती पाहिली की त्या कापडाची कल्पना येते. पौलाच्या बोटांना आमच्यासारखे फोड येत असत की नाही, न कळे. आम्हांला चार आले.

त्याआधी पिशवी धुतली होती. साध्या पाण्यात, ब्रशने. कपड्यांची पावडर वापरू नये. तिचा अंश कापडात राहिला तर तो पाणी ओढून घेतो, आणि मग वरून कितीही मेण लावा. बुरशीवर शिरका आणि पाणी सारखे मिसळून चोळले आणि पिशवी तीन दिवस उन्हात उलटी टांगली. आमच्या वसईकडच्या घरात ताडीचा शिरका बरणीत असायचाच. येथे वाण्याकडून पांढरी बाटली आणावी लागली. बक्कले चिंचेने घासून लखलखीत केली.

आता मेण. येथे आमची फजिती झाली, ती लपविण्यात अर्थ नाही. मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीत लावलेल्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वेदीसेवक मुलांनी गोळा करून ठेवले होते. तीन भाग ते मेण, एक भाग मधमाश्यांचे मेण आणि त्यात भरपूर जवसाचे तेल, असे काकांचे प्रमाण आम्हांला आठवत होते. तेल कशाला, तर नुसते मेण थंडीत तडकते आणि घडीवर पांढऱ्या रेघा पडतात. तेलाने ते लवचीक राहते. जवसाचे तेल हवेने सुकून घट्ट होते म्हणून तेच. पण काका वापरीत ते तेल उकळून तयार केलेले असे. आम्ही मराठवाड्यात चटणीला मिळते तसे कच्चे तेल घाण्यावरून आणून ओतले. ते महिनाभर सुकले नाही. पिशवीला वास, हाताला चिकटा, आणि रस्त्यावरची काळ्या मातीची धूळ तिच्यावर अशी बसली की मुले म्हणू लागली, फादरांची पिशवी घामाघूम झाली. शेवटी जुन्या वर्तमानपत्रांत घालून इस्त्रीने ते सारे काढून घेण्यात तीन संध्याकाळी गेल्या.

याच खटाटोपात एक गोष्ट घडली, ती वाचकांच्या उपयोगाची आहे. तेल पुसलेली फडकी एका मुलाने गोळा करून कोपऱ्यातल्या डब्यात कोंबली होती. रात्री सहज हात लागला तर ती कोमट होती. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते. फडकी दाबून ठेवली तर ती उष्णता साठते आणि कधी कधी आपोआप पेट घेते. आम्ही ती बादलीत बुडविली. अशी फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात टाकावीत.

दुसरा प्रयत्न २०२५ च्या मे महिन्यात केला. मधल्या काळात आम्ही विचार केला की, समुद्राकाठचे प्रमाण पठारावर जसेच्या तसे चालणार नाही. मेणबत्तीचे साधे मेण पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान वितळते. मधमाश्यांचे मेण त्रेसष्ट अंशांच्या आसपास. जालन्याच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलची बैठक त्याहूनही कितीतरी तापते. म्हणून दोन्ही मेणे समसमान घेतली आणि तेल फक्त दोन चमचे. काष्ठौषधीच्या दुकानात मधमाश्यांचे मेण मिळाले. ते खरे आहे की नाही हे पाहायला दुकानदाराने तुकडा चावून दाखविला. मेण कधीही सरळ विस्तवावर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेले, त्या लहान पातेल्यात मेण. ते पातळ झाले की रुंद ब्रशने कापडावर ओढायचे, आणि कापडही गरम हवे, नाहीतर मेण वरच्या वर गोठून राहते. येथे जालन्याच्या उन्हाने आमची सेवा केली. मोटारसायकलच्या शेडवरील पत्र्यावर पिशवी दुपारी बाराला ठेवली. अडीचला पाहिले तर पांढरट थर नाहीसा झाला होता. कापडाने तो पिऊन टाकला होता आणि त्याला जुन्या शिडाचा काळपट तांबूस रंग आला होता. उरले ते इस्त्रीने जिरविले. शिवणींवरून मेणाचा खडा अंगठ्याने दाबत फिरविला, कारण पाणी शिरते ते तेथूनच.

आतले अस्तर मांजरपाटाचे नवे शिवले. त्याला मेण नको, नाहीतर उन्हाळ्यात ग्रंथाच्या पानांना लागते. त्यासाठी तुरटीची जुनी युक्ती आहे. दोन लिटर गरम पाण्यात शंभर ग्रॅम धुण्याच्या साध्या वडीचा कीस विरघळवून त्यात कापड भिजवावे, पिळून वाळवावे. मग दोन लिटर पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम तुरटी विरघळवून तिच्यात बुडवावे. साबण आणि तुरटी यांच्या संयोगाने पाण्यात न विरघळणारा एक पदार्थ तयार होतो आणि तो धाग्याधाग्याला धरून बसतो. कापड श्वास घेत राहते, पण पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा घरंगळतो. मात्र बोअरचे पाणी चालत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यातील क्षारांनी साबणाची आधीच साय झाली. दुसऱ्यांदा पिण्याच्या पाण्याचा जार विकत आणावा लागला. एका लिटरचाही हिशेब ठेवणाऱ्या गावात पाणी अडविण्यासाठी पाणी विकत घेतले, यावर आमच्या स्वयंपाकीणबाई अजून बोलतात.

झडपेला दोन बोटे रुंदीचा नवा काठ जोडला. मग पिशवी अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगून आम्ही तिच्यात तांब्यातांब्याने पाणी ओतले. बाहेरून ओतून पाहण्यापेक्षा आतून भरून पाहणे बरे. गळती कोठे आहे ते नेमके कळते. मुले खाली पालथी पडून थेंब शोधीत होती. जुन्या बक्कलांच्या भोकांशी दोन थेंब सापडले. तेथे पंक्चरवाल्याचे सोल्यूशन लावून आतून कापडाची चकती बसविली. हेही काही नवे नाही. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये भरण्याचे पेटंट घेतले, ते तत्त्वतः हेच. त्यांचे कोट उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होत. पुढे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाबरोबर तापविण्याची युक्ती सापडली तेव्हा तो दोष गेला. आपल्याकडे १९२० मध्ये कलकत्त्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी असे कापड करण्याचा कारखाना काढला; त्यांच्या डकबॅकचे रेनकोट आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेत जाताना घातले असतील. आमच्या घरी मात्र एकच रेनकोट होता आणि तो थोरल्या भावाच्या अंगावर असे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झाले ते सांगायला नको. नद्यांनी पात्रे सोडली, उभी पिके गेली, माती खरवडून गेली, जनावरे वाहून गेली. आदल्या वर्षीचा पाऊस त्यापुढे लहान वाटावा असा तो होता. आम्ही त्या खेड्याकडे निघालो तेव्हा मोटारसायकल फाट्यावरच ठेवावी लागली, पुढे पायी. पिशवी आमच्या खांद्यावर होती, पाऊस थांबण्याचे नाव नव्हते, आणि खरे सांगायचे तर प्रार्थनेपेक्षा आमचे लक्ष पिशवीकडे अधिक होते. एका कुटुंबाच्या ओसरीवर ती उघडली. हात घातला. ग्रंथाची पाने कोरडी होती. स्टोल कोरडा होता. झडपेच्या डाव्या कोपऱ्यात मात्र ओलसरपणा लागला, म्हणजे तेथे आणखी एक बोट कापड हवे आहे.

मिस्सानंतर लोक शेतांविषयी बोलत होते. पंचनाम्यासाठी सातबाराचा उतारा आणि पासबुकाच्या प्रती हव्यात, गावात वीज नाही, झेरॉक्स बंद. आम्ही जालन्याला परतणार होतो, म्हणून तिघाचौघांनी कागद आणून दिले. शेवटी आजी आल्या. त्यांचे पाऊण एकर शेत नदीच्या बाजूला आहे. आहे म्हणायचे, मातीच उरली नव्हती. त्यांच्या हातात त्यांचा उतारा आणि पासबुक होते.

"आजी, आता पिशवी गळत नाही," आम्ही म्हणालो आणि झडप उचलून आतले कोरडे अस्तर त्यांना दाखविले.

आजींनी वाकून पाहिले. अस्तरावरून हात फिरविला, कोपऱ्यातले ठिगळ बोटांनी दाबून पाहिले, टाके पाहिले. "चांगली शिवली," त्या म्हणाल्या.

मग त्या खाली बसल्या. त्यांनी ते कागद एका धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घातले, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, तोंडाला सुतळीचे दोन वेढे दिले, गाठ मारली, ओढून पाहिली, आणि मग ते पुडके आमच्या हाती दिले.